पडद्यामागची चिप: गेलेली नजर यंत्राने कितपत परत येते

डोळ्याच्या पडद्याचा विकार होऊन नजर गेलेल्या माणसाला तपासायला घेऊन आलेले नातेवाईक डॉक्टरांना हमखास एक प्रश्न विचारतात: नेत्रदानात मिळालेला डोळा यांना बसवता येणार नाही का? कधी कधी बायको किंवा मुलगा स्वतःचा एक डोळा देण्याची तयारी दाखवतो, आणि ती तयारी अगदी मनापासूनची असते. तरीही उत्तर नाही असेच द्यावे लागते. नेत्रदानातून मिळालेल्या डोळ्याचा फक्त पुढचा पारदर्शक भाग, म्हणजे कॉर्निया, दुसऱ्याला बसवून त्याला दृष्टी देता येते. डोळ्याच्या आतल्या बाजूला असलेला पडदा, ज्याला दृष्टिपटल किंवा रेटिना म्हणतात, तो मेंदूशी दहा ते बारा लाख तंतूंच्या जुडग्याने जोडलेला असतो आणि हे तंतू एकदा तुटले की पुन्हा जुळत नाहीत. न्यूयॉर्कमधील शल्यविशारदांनी मे २०२३ मध्ये एका रुग्णाला चेहऱ्याच्या काही भागासह अख्खा डोळा बसवला. डोळा जिवंत राहिला, त्यातील रक्तप्रवाहही टिकला, परंतु त्या डोळ्याला दिसले मात्र काहीच नाही.

यानंतर येणारा प्रश्न अलीकडे वाढला आहे: मग एखादी चिप बसवता येईल का? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. अशी यंत्रे तयार झाली आहेत, माणसांच्या डोळ्यांत बसवली गेली आहेत आणि त्यांतल्या काहींनी पूर्ण अंध झालेल्या माणसांना प्रकाशाचे ठिपके, तर काहींनी पुस्तकातली अक्षरे दाखवली आहेत. मात्र ‘अंधाला दृष्टी मिळाली’ या मथळ्याखाली जे चित्र वाचकाच्या मनात उभे राहते, त्याच्याशी या यंत्रांनी दिलेल्या नजरेचे फारसे साम्य नाही. ती एक वेगळी, अरुंद, प्रयत्नपूर्वक शिकावी लागणारी नजर आहे. हा फरक समजला नाही तर एखादे कुटुंब आयुष्यभराची पुंजी आणि त्याहून मोठी आशा चुकीच्या ठिकाणी लावून बसण्याची भीती असते, म्हणून तो नीट समजून घेणे मला आवश्यक वाटते.

पडदा कसा काम करतो, तेथून सुरुवात करू. जेमतेम पाव मिलिमीटर जाडीच्या या पडद्यात पेशींचे तीन मुख्य थर असतात. सर्वांत मागच्या थरात प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात: अंधुक उजेडात काम करणाऱ्या सुमारे बारा कोटी दंडाकार पेशी आणि रंग व बारकावे टिपणाऱ्या साठ लाखांच्या आसपास शंकूच्या आकाराच्या पेशी. त्यांच्या पुढे द्विध्रुवी पेशींचा थर असतो आणि सर्वांत पुढे, डोळ्याच्या पोकळीकडे तोंड करून, गँग्लिऑन पेशी असतात. या गँग्लिऑन पेशींचे लांब तंतू एकत्र येऊन दृष्टीची मज्जा, म्हणजे ऑप्टिक नर्व्ह, तयार होते. बारा कोटींहून अधिक पेशींनी टिपलेली माहिती दहा-बारा लाख तंतूंवरून मेंदूकडे पाठवायची, म्हणजे वाटेत कुठेतरी निवड आणि काटछाट झालीच पाहिजे. एखाद्या वर्तमानपत्राच्या कचेरीत गावोगावचे वार्ताहर बातम्यांचा ढीग पाठवतात, उपसंपादक त्यातले नेमके तेवढे निवडतात, जोडतात, कापतात आणि मगच मजकूर छपाईला जातो, तसेच येथे घडते. प्रकाश टिपणाऱ्या पेशी या वार्ताहर आहेत, मधल्या थरातील पेशी उपसंपादक आहेत आणि गँग्लिऑन पेशी तयार मजकूर पुढे धाडणाऱ्या आहेत. कडा कुठे आहे, काय हलले, उजेड आणि सावली यांत फरक किती, हे ठरवण्याचे बरेचसे काम मेंदूपर्यंत पोहोचण्याआधी पडद्यातच उरकलेले असते.

ज्या विकारांसाठी या चिपा बनवल्या गेल्या, त्यांत वार्ताहर मरतात आणि कचेरी मात्र बऱ्याच अंशी शाबूत राहते. यांपैकी पहिला विकार रेटिनायटिस पिगमेंटोझा हा आनुवंशिक आहे. त्यात दंडाकार पेशी आधी मरतात, त्यामुळे पहिली तक्रार येते ती दिवेलागणीच्या वेळची. मुलगा दिवसा व्यवस्थित खेळतो, पण सांज झाली की उंबऱ्याला अडखळतो, अंगणातली बादली त्याला दिसत नाही. गावात याला रातांधळेपणा म्हणतात आणि जीवनसत्त्व ‘अ’ कमी झाले असेल म्हणून गाजर, शेवगा, पालेभाज्या खाण्याचा सल्ला दिला जातो. जीवनसत्त्वाच्या अभावानेही रातांधळेपणा येतो आणि तो उपचाराने बरा होतो, हे खरे आहे, परंतु आनुवंशिक विकार तसा बरा होत नाही. पुढे नजर कडेकडून आत आक्रसत जाते, एखाद्या नळीतून पाहावे तेवढाच भाग उरतो आणि अखेरीस काहींच्या बाबतीत तोही विझतो. जगात साधारण चार हजार माणसांमागे एकाला हा विकार असतो असे मानले जाते. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात झालेल्या पाहणीत मात्र साडेसातशे प्रौढांमागे एक असे प्रमाण आढळले. नात्यातल्या नात्यात लग्ने होण्याची चाल जेथे आहे, तेथे दोन्ही बाजूंनी एकच सदोष जनुक येण्याची शक्यता वाढते, हे यामागचे एक कारण आहे. मामेबहीण-आतेभाऊ यांचे लग्न आपल्याकडे अनेक घरांत अजूनही रीतीचे समजले जाते, त्यामुळे ही गोष्ट आपल्यापासून दूरची नाही.

दुसरा विकार याच्या अगदी उलट बाजूने सुरू होतो. पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाचा छोटा भाग असतो. वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही सगळी बारीक कामे त्याच्या जिवावर चालतात. वयानुसार तो झिजत गेला की खोलीच्या भिंती, दार, समोर उभ्या माणसाचे खांदे दिसतात, पण नेमका चेहरा दिसत नाही. या विकाराचा ओला प्रकार डोळ्यात दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांनी बहुधा आटोक्यात ठेवता येतो. कोरड्या प्रकाराच्या अखेरच्या टप्प्यात मात्र पडद्याचा मधला तुकडाच विरून जातो. अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळालेली दोन औषधे ही झीज फक्त मंदावतात. गेलेले परत आणणारे औषध नाही.

वार्ताहर गेले तरी कचेरीत माणसे आहेत, तर त्यांच्यापर्यंत बातमी दुसऱ्या वाटेने पोहोचवता येईल का? मज्जापेशींना विजेची भाषा कळते, हे फार पूर्वीपासून माहीत होते. १९६८ मध्ये केंब्रिजच्या जाइल्स ब्रिंडली आणि वॉल्पोल लुइन यांनी एका अंध स्त्रीच्या मेंदूच्या दृष्टिकेंद्रावर इलेक्ट्रोड, म्हणजे वीज पोहोचवणारी बारीक टोके, बसवून तिला प्रकाशाचे ठिपके दाखवले होते. पडद्याच्या बाबतीत निर्णायक प्रयोग १९९० च्या दशकात अमेरिकेत मार्क हुमायून आणि यूजीन दे ह्वान यांनी केले. अनेक वर्षे अंध असलेल्या रुग्णांच्या डोळ्याला भूल देऊन त्यांनी तारेसारखा बारीक इलेक्ट्रोड पडद्यापर्यंत नेला आणि अगदी क्षीण विद्युतप्रवाह सोडला. रुग्ण जागे होते. प्रवाह सोडताच त्यांना प्रकाशाचा ठिपका दिसला आणि इलेक्ट्रोडची जागा बदलली तशी ठिपक्याची जागाही बदलली. पुढची सारी यंत्रे या दोन गोष्टींवर उभी आहेत. वर्षानुवर्षे अंधारात असलेल्या पडद्यातही जागांचा नकाशा टिकून होता.

हुमायून यांच्या कामातून पुढे कॅलिफोर्नियातील सेकंड साइट या कंपनीने आर्गस नावाचे यंत्र बनवले. २००२ पासून बसवलेल्या पहिल्या आवृत्तीत १६ इलेक्ट्रोड होते. आर्गस २ मध्ये ते ६० झाले. या यंत्राला युरोपात २०११ मध्ये आणि अमेरिकेत फेब्रुवारी २०१३ मध्ये मान्यता मिळाली. त्याची रचना अशी होती: चष्म्याच्या मधोमध छोटा कॅमेरा, त्याची तार कमरेला लावलेल्या संगणकाकडे. संगणक चित्र साधे करून पुन्हा चष्म्याकडे पाठवी, चष्म्याच्या दांडीजवळची वेटोळी ते रेडिओलहरींनी डोळ्यावर शिवलेल्या दुसऱ्या वेटोळीकडे देई आणि तेथून ते पडद्याच्या पुढच्या बाजूला बारीक टाचणीने टाचलेल्या ६० इलेक्ट्रोडांपर्यंत जाई. चिपेला लागणारी वीजही त्याच लहरींतून मिळे.

साठ इलेक्ट्रोडांनी काय दिसत असेल? ठिपक्यांची रांगोळी ज्यांनी काढली आहे त्यांना याची कल्पना लवकर येईल. सहा ओळी, प्रत्येकीत दहा ठिपके, आणि रेघा अजिबात नाहीत. फक्त काही ठिपके उजळायचे आणि काही विझवायचे, एवढ्यावर दार, माणूस, ताट ओळखायचे. प्रत्यक्षात तेवढेही नेटके दिसत नसे. पडद्याच्या पुढच्या बाजूला लांबून आलेल्या गँग्लिऑन पेशींचे तंतूही इलेक्ट्रोडांखालून जात असतात. प्रवाहाने तेही चेतवले जातात आणि मेंदूला वाटते की संदेश त्या लांबच्या पेशीच्या जागेवरून आला. त्यामुळे गोल ठिपक्याऐवजी बोट फिरून रांगोळी पुसटावी तशी रेघ किंवा फराटा दिसतो. कचेरीच्या भाषेत सांगायचे तर येथे उपसंपादकांना वगळून कच्चे कागद थेट पुढे धाडणाऱ्याच्या हातात कोंबले जात होते.

आणखी एक अडचण प्रथम ऐकताना क्षुल्लक वाटते, पण ती वापरणाऱ्याला रोज भोवत असे. कॅमेरा चष्म्यावर पक्का बसवलेला असतो, तो बुबुळाबरोबर फिरत नाही. समजा, टेबलावर अगदी समोर चहाचा कप आहे आणि कॅमेऱ्याला तो समोरच दिसतो आहे, पण वापरणाऱ्याचे डोळे नकळत डावीकडे वळलेले आहेत. मेंदू आपल्या सवयीप्रमाणे डोळ्यांची दिशा हिशेबात धरतो आणि कप डावीकडे आहे असे ठरवतो. हात डावीकडे जातो आणि रिकामा परत येतो. म्हणून या माणसांना डोळे स्थिर ठेवून मान हळूहळू फिरवत समोरचा भाग चाचपून पाहण्याची सवय अनेक आठवडे मुद्दाम लावावी लागे. जन्मभर ज्या हालचालीकडे लक्षही दिले नाही, ती थांबवायला शिकणे किती कठीण असेल, याचा विचार करून पाहावा.

तरीही आर्गस निरुपयोगी होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ३० रुग्णांवरील मुख्य चाचणीत तीन वर्षांनंतर बहुसंख्य रुग्णांना यंत्र बंद असताना जमत नव्हते तेवढ्या अचूकपणे पडद्यावरचा उजळ चौकोन दाखवता येत होता. काहींना दार कुठे आहे, पांढरी पट्टी कुठे वळते, समोरून माणूस गेला की नाही, हे कळू लागले. पण सर्वांत चांगला निकाल आलेल्या रुग्णाची नजरही २०/१२६० होती, म्हणजे निरोगी डोळ्याला १२६० फुटांवरून जेवढे दिसते तेवढे त्याला २० फुटांवरून दिसत होते. अंधत्वाची कायदेशीर मर्यादा अनेक देशांत २०/२०० धरली जाते, त्यावरून अंतर लक्षात यावे. शिवाय त्या ३० पैकी ११ जणांना तीन वर्षांत शस्त्रक्रियेशी किंवा यंत्राशी संबंधित गंभीर त्रास झाला.

कानाच्या कॉक्लिअर इम्प्लांटशी तुलना करून अनेक जण विचारतात की तेथे वीस-बावीस इलेक्ट्रोडांनी जन्मतः बहिरे मूल बोलायला शिकते, मग डोळ्यात साठ का पुरू नयेत? कानाच्या मज्जेत सुमारे तीस हजार तंतू असतात आणि शंखाकृती नळीत स्वरांची मांडणी पेटीच्या पट्ट्यांसारखी एका ओळीत असते. बोलणे समजायला स्वरांचे ढोबळ चढउतारही पुरतात. चित्राचे तसे नाही. ते दोन दिशांना पसरलेले असते, आणि त्यातला बारकावा गेला की अर्थच जातो.

जर्मनीत ट्यूबिंगेनच्या एबरहार्ट त्स्रेनर यांच्या गटाने दुसरा मार्ग धरला. त्यांनी तीन मिलिमीटर लांबी-रुंदीची, सुमारे १५०० प्रकाशसंवेदक असलेली चिप पडद्याच्या मागच्या बाजूला, मेलेल्या पेशींच्या नेमक्या जागी सरकवली. येथे कॅमेरा डोळ्याबाहेर नव्हता. डोळ्याच्या भिंगातून आलेला प्रकाश चिपेवरच पडत असल्यामुळे बुबुळ हलले की दृश्यही स्वाभाविकपणे हलत असे, आणि वर सांगितलेली कपाची अडचण उरत नसे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालातील एका रुग्णाने टेबलावर मांडलेली मोठी अक्षरे वाचली, इतकेच नव्हे तर त्याच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये झालेली चूकही दाखवून दिली. ज्याला काही वर्षे अक्षर दिसले नव्हते त्याने चूक काढावी, यापेक्षा भक्कम पुरावा मागता येणार नाही. पण चिपेला वीज पुरवणारी तार डोळ्यातून निघून कातडीखालून कानामागे न्यावी लागे, शस्त्रक्रिया दीर्घ होती, आणि सर्वांना सारखा लाभ झाला नाही. ही चिप बनवणाऱ्या रॉयटलिंगेनच्या कंपनीने २०१९ मध्ये हे काम बंद केले.

आता ज्या चिपेची चर्चा आहे तिचे नाव प्रिमा. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॅनिएल पालांकर यांची ही कल्पना. चिप दोन मिलिमीटर लांब-रुंद आणि एका मिलिमीटरच्या शतांश भागाच्या तिप्पट, म्हणजे ३० मायक्रॉन जाड, एवढीच आहे. तीही पडद्याच्या मागे, मॅक्युलाच्या विरून गेलेल्या तुकड्याच्या जागी सरकवतात. तिला तार नाही, बॅटरी नाही. तिच्यावर ३७८ सूक्ष्म सौरघट आहेत. छपरावरचे सोलर पॅनल उजेडापासून वीज तयार करते, त्याच तत्त्वाने प्रत्येक घट त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाएवढी वीज जागेवरच तयार करतो आणि शेजारच्या द्विध्रुवी पेशींना देतो. म्हणजे बातमी या वेळी उपसंपादकांच्या टेबलावर येते आणि पुढचे संस्कार पडद्याच्या नेहमीच्या रीतीने होतात. फराट्यांचा त्रास त्यामुळे टळतो.

पण खोलीतला किंवा उन्हातला साधा प्रकाश एवढ्या बारीक घटांना पुरेशी वीज निर्माण करू देत नाही. त्यासाठी प्रकाश कितीतरी पटींनी तीव्र लागतो आणि तसा दिसणारा प्रकाश डोळ्यात सोडला तर कडेच्या शाबूत पेशी दिपून जातील. यावर काढलेला तोडगा मला या सगळ्या कामातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. कॅमेऱ्याने टिपलेले चित्र चष्म्यातून ८८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशात डोळ्यात टाकले जाते. हा प्रकाश मानवी डोळ्याला दिसत नाही, पण चिपेला चालतो. त्यामुळे रुग्णाची कडेची नैसर्गिक नजर तशीच राहते आणि मधोमध, जेथे आजवर पोकळी होती, तेथे चिपेची नजर येते. मेंदू या दोन्ही एकत्र जुळवून घेतो. चित्र चिपेपेक्षा मोठ्या भागावर पडत असल्यामुळे बुबुळ हलवून त्याचा वेगवेगळा भाग चिपेवर आणता येतो.

या चिपेने वाचन म्हणजे काय, याचा हिशेब कागदावर करून पाहण्यासारखा आहे. प्रत्येक घट १०० मायक्रॉनचा, म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढा. वाचताना आपण कागद चाळीस सेंटिमीटरवर धरतो. तेवढ्या अंतरावर संपूर्ण चिपेत कागदाचा जेमतेम पाच सेंटिमीटर रुंदीचा भाग मावतो, आणि वर्तमानपत्रातले दोन मिलिमीटर उंचीचे अक्षर एका घटातही पूर्ण भरत नाही. अक्षर ओळखू यायचे तर त्याच्या उंचीत निदान पाच घट यायला हवेत. म्हणून चष्म्यातील यंत्रणा चित्र मोठे करते, आणि ते बारा पटींपर्यंत मोठे करण्याची सोय आहे. पण सहा पट मोठे केले की पाच सेंटिमीटरांच्या जागी आठ-नऊ मिलिमीटर उरतात, म्हणजे एका वेळी तीन-चार अक्षरे. ती वाचायची, मान किंवा कागद सरकवायचा, पुढची तीन-चार वाचायची आणि मनात शब्द जुळवायचा. रंग नाहीत. चाचण्या रोमन लिपी वाचणाऱ्या देशांत झाल्या. आपल्या लिपीत अक्षराच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार येतात, ‘घ’ आणि ‘ध’ यांत एका गाठीचा फरक असतो. त्यामुळे मराठी मजकूर वाचायला याहून अधिक मोठे करावे लागेल आणि एका वेळी दिसणारी अक्षरे आणखी कमी होतील, असे या हिशेबावरून मला दिसते.

प्रिमाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. युरोपातील पाच देशांतील १७ रुग्णालयांत ३८ जणांना चिप बसवली गेली. त्यांचे सरासरी वय ७९ होते. वर्षभरानंतर तपासता आलेल्या ३२ जणांपैकी २६ जणांच्या नजरेत लक्षणीय सुधारणा झाली होती आणि सरासरीने तक्त्यावरची २५ अक्षरे, म्हणजे पाच ओळी, ते अधिक वाचू शकले. २७ जण घरी अंक, अक्षरे किंवा शब्द वाचण्यासाठी यंत्राचा वापर करत होते. कोरड्या प्रकाराने विरलेल्या मॅक्युलाच्या जागी पुन्हा वाचता येण्याइतकी नजर निर्माण होणे ही याआधी न घडलेली गोष्ट आहे, आणि ती मोठीच म्हणावी लागेल. सोबत हेही सांगायला हवे की ही नजर चष्म्यातील मोठे करण्याच्या सोयीसह मोजलेली आहे, तुलनेसाठी चिप न बसवलेला गट नव्हता, आणि १९ जणांत मिळून २६ गंभीर प्रतिकूल घटना घडल्या. त्यांत डोळ्यातला दाब वाढणे, पडद्याला कडेला चीर पडणे, पडद्याखाली रक्तस्राव होणे असे प्रकार होते. बहुतेक पहिल्या दोन महिन्यांतले होते आणि उपचारांनी निवळले. शस्त्रक्रियेनंतर सुमारे महिनाभराने चष्मा सुरू करतात आणि मग अनेक महिने सराव चालतो. ऐंशीच्या घरातल्या माणसाने तो चिकाटीने करावा लागतो, आणि शेजारी बसून करवून घेणारे कुणी असावे लागते.

आता ज्या गोष्टीबद्दल डॉक्टरांच्या दालनात क्वचित बोलले जाते, तिच्याकडे येतो. डोळ्यात बसवलेली चिप म्हणजे एका कंपनीशी जन्माचा संबंध. चष्मा, तार, कमरेचा संगणक, त्यातली आज्ञावली, यांतले एक जरी बिघडले तरी डोळ्यातली चिप मुकी होते. सेकंड साइटने आर्गस २ चे उत्पादन २०१९ मध्ये थांबवले आणि मार्च २०२० मध्ये पैशांच्या टंचाईमुळे बहुतेक कर्मचाऱ्यांना काढून टाकले. तोवर जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांच्या डोळ्यांत ते यंत्र होते. त्यांतल्या कित्येकांना ही बातमी कंपनीकडून समजली नाही. सुटे भाग मिळेनासे झाले, दुरुस्ती करणारे उरले नाहीत, एमआरआय करायची वेळ आली तर विचारायचे कुणाला हे कळेना. दीड लाख डॉलरच्या आसपास किमतीचे यंत्र बसवून घेतलेल्या माणसांवर दुसऱ्यांदा अंधार आला, आणि या वेळी कारण आजार नव्हते. प्रिमा बनवणारी पॅरिसची पिक्सियम व्हिजन ही कंपनीही आर्थिक अडचणीत सापडली. २०२४ मध्ये अमेरिकेतील सायन्स कॉर्पोरेशनने तिचे हे काम विकत घेतले म्हणून ते पुढे चालू राहिले. माझे ठाम मत आहे की शरीरात कायम राहणाऱ्या अशा यंत्राला मान्यता देतानाच, कंपनी बुडाली तर दुरुस्ती आणि सुटे भाग कोण देणार याची लेखी तरतूद कायद्याने बंधनकारक व्हायला हवी. रुग्णाने सही करावयाच्या संमतिपत्रात शस्त्रक्रियेचे धोके छापलेले असतात. हा धोका त्याहून लहान नाही.

कुणाला या चिपांचा उपयोग होणार नाही, हे आपल्याकडच्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावे, कारण आपल्याकडे अंधत्व आणणारे पुष्कळसे विकार त्या यादीत येतात. काचबिंदूत गँग्लिऑन पेशी आणि त्यांचे तंतूच मरतात, म्हणजे कचेरीतून बाहेर जाणारा रस्ताच बंद होतो, तेथे पडद्यावरची कोणतीही चिप काम करणार नाही. मधुमेहाने पडद्याच्या रक्तवाहिन्या खराब होतात आणि आतले थरही दुखावतात. त्यावर वेळेवर लेझर, इंजेक्शन आणि साखरेवर ताबा हेच उपाय आहेत, आणि ते नजर जाण्याआधी करायचे असतात. मोतीबिंदूचा तर पडद्याशी संबंधच नाही, भिंग बदलले की काम होते. जन्मतः अंध व्यक्तीचा मेंदू पाहायला कधी शिकलेलाच नसतो, त्यामुळे आर्गससाठी पूर्वी कधीतरी आकार ओळखण्याइतके दिसत होते, ही अटच होती. आणि प्रिमाचे निकाल केवळ मॅक्युला विरलेल्या वृद्धांचे आहेत, रेटिनायटिस पिगमेंटोझाच्या तरुण रुग्णाने ते आपल्याला जसेच्या तसे लागू करू नयेत.

त्या तरुण रुग्णाच्या बाबतीत उपायांचा क्रम समजून घेणे चिपेपेक्षा अधिक मोलाचे आहे. रेटिनायटिस पिगमेंटोझा हे एका आजाराचे नाव नाही. पन्नासहून अधिक जनुकांपैकी कोणत्याही एकातल्या दोषाने तो होऊ शकतो. त्यांपैकी आरपीई६५ या एका जनुकाच्या दोषावर डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत जनुकोपचाराला मान्यता मिळाली. हा उपचार जिवंत पेशींना त्यांचे हरवलेले काम पुन्हा शिकवतो, म्हणून पेशी मरण्यापूर्वीच तो करावा लागतो. चिपेचे याउलट आहे, प्रकाश टिपणाऱ्या पेशी गेल्यानंतरच तिला अर्थ आहे. या दोहोंच्या मध्ये ऑप्टोजेनेटिक्स नावाचा तिसरा मार्ग आहे. त्यात उरलेल्या गँग्लिऑन पेशींनाच शैवालापासून मिळालेल्या जनुकाच्या मदतीने प्रकाश ओळखायला लावतात. २०२१ मध्ये पॅरिसमधील एका ५८ वर्षांच्या रुग्णाला अशा रीतीने, खास चष्मा लावून, टेबलावरची वही आणि पेले हाताने शोधता आले. चिपेच्या बाबतीत, उंदरांवरील प्रयोगांत पालांकर यांचा गट १०० मायक्रॉनच्या घटांवरून २० मायक्रॉनच्या घटांपर्यंत आला आहे. तसे घट माणसाच्या डोळ्यात आले तर वर केलेल्या वाचनाच्या हिशेबात एका वेळी तीन-चार अक्षरांच्या जागी अख्खी ओळ मावू शकेल.

म्हणून ज्या घरात सांजेला अडखळणारे मूल आहे, त्या घराने पडद्याच्या तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी, नेमका दोष कोणत्या जनुकात आहे याची रक्तचाचणी करून घ्यावी, भावंडांनाही दाखवावे, आणि ओसीटी नावाच्या स्कॅनचे अहवाल दर वर्षी क्रमाने फाइलला लावून ठेवावेत. पडद्याचा कोणता थर किती उरला आहे हे त्या स्कॅनमध्ये दिसते, आणि पुढे जनुकोपचार असो की चिप, डॉक्टर पहिल्यांदा तोच कागद मागतील. तोवर पांढरी काठी घेऊन चालायला आणि बोलणारा फोन वापरायला शिकावे, आणि शिकताना नजर थोडी उरलेली असेल तर ते फार सोपे जाते.